दोन ठिपके

ढग बाजूला झाले आणि मी दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. शुक्र सूर्यावरून जाणार होता उद्या. आजचा फोटो फक्त चाचणीचा. तरीही सूर्यावर एक काळा, गोल ठिपका उमटला. मी दुर्बीण जराशी हलवली. सूर्य सरकला, ठिपका जागचा हलला नाही. म्हणजे तो दुर्बिणीच्या काचेवर होता.

मी तो ओळखला. आठ वर्षांपूर्वी, मागच्या वेळी, दिवसभर आभाळ भरलेलं असूनही शाळेतल्या माझ्या सरांनी त्यांच्या याच गच्चीवरून शुक्राचा फोटो मिळवला होता. तो बघूनच मी विज्ञानाकडे वळले. त्यात याच जागी हाच ठिपका आहे, आणि एकच. फोटो खरोखर त्या दिवशीचा असता, तर ठिपके दोन दिसले असते.

मी फडकं उचललं.

"पुसू नकोस गं," मागून काकू, सरांच्या पत्नी, म्हणाल्या. "ह्यांनी जाईपर्यंत ती काच कुणाला पुसू दिली नाही. आणि उद्याही ढगच असणार बघ. तुमचा शुक्र भारी लाजरा."

दुसऱ्या दिवशी सूर्य जेमतेम मिनिटभर दिसला. फोटोत दोन ठिपके आले.

काकूंनी चष्मा लावून तो निरखला. "यातला ह्यांचा कुठला?"

मी आयुष्यात पहिल्यांदा निरीक्षण खोटं सांगितलं. शुक्रावर बोट ठेवलं.

काकूंनी माझं बोट धरलं आणि हळूच दुसऱ्या ठिपक्यावर नेलं.