कोळशाचा बॉयलर

बोनकोड्याजवळच्या रंगाच्या कारखान्यात ज्ञानू बारा वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकत होता. शहाण्णव साली आजूबाजूच्या लोकांनी धुराविरुद्ध अर्ज केला आणि तो बॉयलर बंद करायचा सरकारी हुकूम आला. वाफेशिवाय कारखाना चालायचा कसा, म्हणून मालक भांडत राहिला. इकडे ज्ञानूच्या बायकोचा, विजयमालाचा, जीव टांगणीला लागला.

एका संध्याकाळी ज्ञानू घरी आला. तिनं दारातच विचारलं, "काम गेलं?"

"न्हाई. कोळसा गेला. आता गॅसचा बॉयलर येतोय. मलाच शिकवणार हायेत."

ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "धुराविरुद्धच्या अर्जावर मीबी सही केलीया. आपल्या लेकराची, उत्कर्षाची, धाप बघवंना मला."

ज्ञानू तिच्याशेजारी टेकला.

"ठाव हाय. तुझी सही दिसली, म्हणून तर तिच्याखाली मी माझी केली."