दोन्ही बाजूंचा आवाज

रोज सकाळी माझी चार वर्षांची रेवा सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, जुन्या जीपमध्ये मागे बसून कात्रपच्या शाळेत जाते. इतक्या जुन्या जीपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या धरणारे ब्रॅकेट गंजतात आणि चालत्या गाडीत तुटतात, असं कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"दर रविवारी हातोडीने ठोकून बघतो मी. खणखणीत आहेत," बाबा म्हणायचे. "तुला आपली काळजी करायला काहीतरी लागतं."

शेवटी हट्टाने त्यांना उल्हासनगरला हरेशभाईंच्या गॅरेजमध्ये नेलं. जीप वर चढवली. बाबांनी दिवाळीत मारलेल्या काळ्या रंगाखाली दोन्ही ब्रॅकेट नव्यासारखे दिसत होते.

"दिसण्यावर जाऊ नका भाभी, आवाज सुनो," म्हणत हरेशभाईंनी डाव्या ब्रॅकेटवर हातोडी मारली. खण्ण. मग उजव्यावर. भद्द.

मी रागाने बाबांकडे वळले. "ऐकलंत?"

"ऐकलं की," ते समाधानाने हसले. "दोन्ही सारखेच. सांगत नव्हतो तुला?"

हरेशभाई हातोडी खाली करून माझ्याकडे बघत राहिले. बाबा मला कधीच थापा मारत नव्हते. दर रविवारी ते जीपखाली शिरून, नातीसाठी कान देऊन ऐकत होते; फरक त्या कानांपर्यंत पोहोचतच नव्हता.

"हो बाबा, दोन्ही सारखेच," मी जरा मोठ्याने म्हणाले. "पण माझा स्वभावच मेला काळजीचा. हरेशभाई, दोन्ही बदलून टाका."