वाजवून घेतलेलं

शोरूममधल्या नव्या पिकअपच्या पत्र्यावर कुंभाराने सवयीने टिचकी मारली, तसा टायवाला सेल्समन खेकसला, "ओ काका, हात नका लावू! गाडी आहे ही, तुमचं मडकं नाही." कुंभार ओशाळला. जुनी गाडी विकून, बायकोच्या बांगड्या मोडून सेल्समनने सांगितली ती किंमत त्याने मुकाट्याने मोजली.

तिसऱ्याच खेपेला मागच्या फाळक्याची कडी तुटली आणि महिनाभराची मेहनत खापरं होऊन डांबरावर पडली.

"वॉरंटीत बसत नाही," सेल्समन म्हणाला. "तुम्ही गाडीत माल भरलात ना!"

"मग पिकअपमध्ये काय भरायचं? हवा?"

सेल्समन तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

रविवारी तोच सेल्समन टाय काढून कुंभाराच्या दुकानात आला. त्याने कुंभाराला ओळखलंसुद्धा नाही. उरल्यासुरल्या मडक्यांतली अकरा त्याने एकेक करून कानाशी धरली, टिचकीने वाजवली आणि बाजूला सारली. मग बारावं उचलून किंमत निम्मी करायला सांगितली आणि वर हसून म्हणाला,



"राग मानू नका हं काका. घामाचा पैसा आहे, वस्तू वाजवूनच घेतली पाहिजे."