कोरडा लंगोट

तयार डायपरनं बाळाच्या अंगावर पुरळ उठायचं, म्हणून प्रवासातही लंगोटच. धुतलेल्यांची पिशवी दुपारपर्यंत रिकामी झाली आणि ओल्यांची फुगत गेली. बस थांबेल तिथे सून नळ शोधत धावायची, लंगोट खळबळून पिळायची आणि हॉर्न वाजला की धापा टाकत परत चढायची. सासूबाई खिडकीशी बसून एकेक लंगोट दोन्ही हातांनी ताणून वाऱ्यावर धरायच्या. तोंडाचा पट्टा मात्र चालूच. "साबण राहिलाय बघ यात. आणि पिळलाय का नुसता कुरवाळलाय?"

सुनेचा जीव मेटाकुटीला आला होता. तिकडे दवाखान्यात तिची आई शेवटच्या घटका मोजत होती, आणि इकडे बाळानं पुन्हा मांडी ओली केली.

"आई, तुम्ही उगाच आलात," तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती बाळाला पुसू लागली. "माझंच चुकलं. एवढ्याशा जिवाला घेऊन निघायलाच नको होतं."

सासूबाईंनी हातातला लंगोट गालाला लावून तो वाळल्याची खात्री केली आणि बाळाला आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"माझी आई अशीच शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा मलाही सगळे हेच म्हणाले होते," लंगोटाची गाठ मारत त्या म्हणाल्या. "आणि मी ऐकलं."