उलटा हात

डोळ्यांवर चढवलेल्या आभासी चष्म्यातल्या गावात जगदाळेमामा विजेच्या खांबावर चढले होते. पाय मात्र प्रशिक्षण केंद्राच्या फरशीवरच होते. तार बंद आहे का, ते पाहायला त्यांनी सवयीनं हाताची उलटी बाजू पुढे केली. समोर तिसऱ्यांदा लाल अक्षरं उमटली: नापास.

"मामा, तळहात टेकवा," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "या गावाला उलटा हात कळत नाही."

मामांच्या थोरल्या भावाची मूठ चालू तारेवर मिटली होती, ती शेवटपर्यंत उघडली नाही. तेव्हापासून तीस वर्षं मामा उलटाच हात लावत आले. झटक्यानं मूठ मिटली, तरी तार तिच्यात सापडत नाही. पण नापास झालेल्याला खांबावर चढू देत नव्हते. महिनाभर मामा चष्म्यात तळहात टेकवत राहिले आणि पास झाले.

आज खरा खांब होता. लाइन बंद केल्याचा फोन आला, मामा वर चढले आणि त्यांचा तळहात आपोआप तारेकडे निघाला. बोटभर अंतर उरलं तेव्हा ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हात वळवून उलटी बाजू टेकवली. हात फेकल्यासारखा मागे आला. तार चालू होती.

त्याच तारेच्या पुढच्या खांबावर रेवती होती. सगळं चष्म्यातच शिकलेली, पैकीच्या पैकी गुण मिळवलेली. तिचा तळहात वर चालला होता.

झटक्यानं मामांची वाचाच बसली होती. कसेबसे दोन शब्द बाहेर पडले, "उलटा हात."

हात पुढे नेता नेताच तिनं विचारलं, "उलटा म्हणजे कसा, मामा?"