सॅकमधला दगड

"डोंगरावरचा खडासुद्धा खाली न्यायचा नाही, सकाळीच बजावलं होतं ना?" ग्रॅनाइटच्या राखीव डोंगरावरून ग्रुप उतरला, तसा चौकीवरच्या वनरक्षकाने दिगंबररावांच्या सॅकमधून भलामोठा दगड बाहेर काढला.

दिगंबरराव चाटच पडले. दगड उचलायला अंगात त्राण कुठे होतं? सकाळी पोरंसोरं पुढे निघून गेली आणि हे गाईडचा हात धरून सगळ्यांत शेवटी वर पोचले, ते सॅक बायकोकडे टाकून डोळे मिटून आडवेच झाले. बायकोने वाढलेली ठेचा-भाकरी खाताना त्यांनी ठरवूनच टाकलं, वय झालं, आता डोंगर बंद.

"अहो साहेब, वरवंटा आहे तो माझा! घरून आणलाय," बायको पुढे झाली. "मिक्सरच्या ठेच्याला चव नसते. पाटा म्हणून तुमचा कातळ वापरला, पण तो तिथेच ठेवलाय. खोटं वाटत असेल तर वास घ्या."

वनरक्षकाने वास घेतला आणि तीनदा शिंकला.

दिगंबररावांनी वरवंटा हातात तोलून पाहिला. चार किलोचं हे धूड आपण वर नेलं आणि खालीही आणलं! त्यांची मान ताठ झाली. "गाईडसाहेब, पुढच्या महिन्यात याहून उंच डोंगर कुठला?"

"मग पाटाही घेते," बायको म्हणाली.