चौदा नंबरची वही

"खरेदीखतांची चौदा नंबरची वही जळाली," कोर्टाच्या दप्तरखान्यातल्या मिस ऑपल म्हणाल्या. "त्रेचाळीस साली कोर्टाला आग लागली ना, तेव्हा. नेमकी तुमचीच वही जावी, मला तर बाई फार वाईट वाटतं."

लुशियस मॅबरी काउंटरला हात टेकून उभाच राहिला. डेट्रॉइटहून जॉर्जियातल्या या टॅलिस काउंटीपर्यंत त्याने बसमध्ये वीस तास काढले होते. बासष्टाव्या वर्षी वीस तासांनंतर गुडघे काय म्हणतात, ते त्यालाच ठाऊक.

त्याला जमीन परत नको होती. ती कुठे होती, एवढंच हवं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची आई तिकडे दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि एकच म्हणत होती, "पपांच्या शेजारी मूठमाती दे मला. पेकनच्या झाडांखाली." तिचे पपा एनॉस ग्रिअर एकोणचाळीसच्या मार्चमध्ये गेले. स्वतःच्याच चाळीस एकरांत, अक्रोडासारखी फळं देणाऱ्या त्या पेकनच्या झाडांखाली, त्यांना पुरलं. मग आठवड्याभरात बायको लेकीला घेऊन उत्तरेला गेली ती कायमची. नऊ वर्षांच्या पोरीला जमिनीच्या खुणा कुठून आठवणार?

"असं तोंड पाडू नका, मिस्टर मॅबरी," मिस ऑपल म्हणाल्या. "आकारणीच्या वह्या शेजारच्या इमारतीत होत्या, त्या वाचल्या. करासाठी दरवर्षी उतरवून घेतात, कोणाकडे किती काय ते."

त्यांनी धुळीने माखलेली अडतीस सालची वही आणली, बोट फिरवत ओळ शोधून दिली. 'एनॉस ग्रिअर. तिसरा विभाग. एकर चाळीस. घर एक. खेचरं दोन. पेकनची झाडं साठ.'

लुशियसने त्या ओळीवर हात ठेवला. आजोबांचं नाव कागदावर तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याला भरून आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. चाळीस सालच्या वहीत मात्र एनॉस ग्रिअर नव्हते.

"तिसरा विभाग म्हणजे नेमकं कुठे?"

"अहो, निम्मी काउंटी तिसऱ्या विभागात येते! आणि पेकन काय, ज्याच्या त्याच्या परसात. चतुःसीमा खरेदीखतात लिहिलेल्या असतात, आणि ते चौदा नंबरात."

लुशियसने दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाला, "आजोबांचे चाळीस एकर गेले, तर कोणाचे तरी चाळीस वाढले असणार. दोन्ही वर्षांच्या वह्या ताडून पाहिल्या तर?"

मिस ऑपलनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "डेट्रॉइटच्या कारखान्यात मोटारी जोडत कसले बसलात? वकील व्हायचं होतंत!" त्या हसल्या. "असं करू. ए ते एम आडनावं तुम्ही बघा, एन ते झेड मी बघते. लवकर उरकेल."

दिवसभर दोघं समोरासमोर पानं उलटत बसली. मधे मिस ऑपलनी त्याला थंड गोड चहा आणून दिला. चार वाजता त्याने आपली वही मिटली.

"काही सापडलं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही हो." त्यांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात त्याच्या बहिणीचा, व्हर्निसचा फोन आला. "आईचं बोलणं बंद झालंय, लूश. नुसत्या मुठी दाबते. पेकन फोडल्यासारख्या. सापडलं का काही?"

"बघतोय," तो म्हणाला. बघण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. आईसाठी एवढंही आपल्याच्याने झालं नाही.

निघताना मिस ऑपलनी त्याच्या हातात 'पेकन पाय' या गोड पदार्थाची ताटली ठेवली. "घरच्या झाडांचे पेकन आहेत. ताटली राहू द्या तुम्हालाच. परत आणायचा त्रास मुळीच घेऊ नका."

मोटेलवर त्याने तो गोड पदार्थ संपवला आणि बाथरूममध्ये ताटली धुतली. तळाला टेपचा तुकडा होता. चर्चच्या जेवणात ताटल्यांची अदलाबदल होते म्हणून बायका नाव चिकटवतात, तसा. चष्मा बाहेर पलंगापाशी राहिला होता, त्यामुळे अक्षरं काही लागली नाहीत.

ताटली मात्र त्याला ठेवून घेववेना. परक्याची ताटली घरात ठेवायची नाही आणि रिकामी परत करायची नाही, ही आईची शिस्त. परतीची बस दुपारी बाराची होती. सकाळी त्याने सहा पीच घेतले, ताटलीत रचले आणि कोर्ट गाठलं.

काउंटरवर पँटला खांद्यावरून सस्पेंडरचे पट्टे लावलेला एक जाडजूड गृहस्थ होता.

"ऑपल शुक्रवारी नसते. मी डेल. माझं थोबाड चालेल का?"

"ही ताटली त्यांना द्या, एवढंच."

"आणि दप्तरातलं काही बघायचंय?"

"बघायचं होतं. पण चौदा नंबरची वही आगीत गेली ना."

"गेली? कोण म्हणालं? त्या आगीत वरच्या खुर्च्या गेल्या आणि जजसाहेबांची टोपी. वह्या तळघरात होत्या!" डेल हसत हसत आत गेला. बऱ्याच वेळाने एक जाड वही घेऊन आला आणि ती त्याने धप्पकन समोर टाकली. "ऑपलच्या टेबलाखाली सापडली. म्हणून उशीर."

लुशियसने चष्मा लावला. पान लवकर सापडलं. तिसरा विभाग, चाळीस एकर, पूर्वेला ओढा, पश्चिमेला चर्चचा रस्ता. विकणार एनॉस ग्रिअर, सहीच्या जागी फुली. तारीख ऑक्टोबर एकोणचाळीस. मार्चमध्ये पुरलेल्या माणसाने ऑक्टोबरमध्ये फुली मारली होती.

घेणार, होमर यान्सी.

"कोण हे यान्सी?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय!" डेल म्हणाला. "ताटली कोणाची आणलीत, तेही ठाऊक नाही?"

लुशियसने पीच एकेक करून काउंटरवर काढून ठेवले आणि ताटली उलटी केली. टेपवर निळ्या शाईत लिहिलं होतं, ऑपल यान्सी.